आतल्या बाजूचं कोकरू

अप्पांचं सगळं आयुष्य कापडाच्या उलट्या बाजूला गेलं, असं त्यांच्या मुलींची आई म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शर्ट घालायचा सरळ असतो, पण शिवायचा उलटा असतो. खडूच्या खुणा उलट्या बाजूला करायच्या, शिवणी उलट्या बाजूने मारायच्या, आणि सगळं झालं की बाहीत हात घालून आतलं बाहेर ओढायचं. तेव्हा कुठे शर्ट शर्टासारखा दिसतो. अप्पांनी आसपासच्या सगळ्या शाळांचे गणवेश असेच शिवले होते, त्यामुळे उलटी बाजू हीच त्यांच्या लेखी खरी बाजू. घरातले धुतलेले कपडे ते उलटेच वाळत घालत आणि उलट्याच घड्या करत. कुणी म्हणालं की अप्पा, तुमच्या बनियनची शिवण बाहेर आलीय, तर म्हणत, "बघू दे की लोकांना. चांगली मारलीय."

त्यांच्या दोन मुलींपैकी थोरली लग्न होऊन लांब राहायला गेली होती. धाकटी दुकानातच असे. तिशी उलटली तरी सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी कापायचं लांब टेबल, भिंतीला टेकून अप्पांचं जुनं शिलाई मशीन, आणि मधल्या दारात आईची खुर्ची, म्हणजे एक डोळा चुलीवर आणि एक दुकानावर. अप्पा मशीनला 'म्हातारी' म्हणत. आई म्हणे, निदान मला तरी तसं म्हणत नाहीत.

रविवारी धाकटी चर्चच्या मागच्या खोलीत लहान मुलांना शिकवायची. एका रविवारी गोष्ट हरवलेल्या मेंढराची होती. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: शंभर मेंढरं असतात, एक हरवतं, आणि मेंढपाळ नव्याण्णव मागे ठेवून त्या एकाला शोधायला निघतो. धाकटीने मुलांना ती करून दाखवायला सांगितली आणि पंचाईत झाली, कारण प्रत्येकाला हरवलेलं मेंढरू व्हायचं होतं. नव्याण्णवांत उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी सगळेच हरवले. कुणी बाकाखाली, कुणी पडद्यामागे, आणि मेंढपाळ झालेला मुलगा मधोमध एकटा रडकुंडीला आला.

बालगृहातली मुलंही या वर्गाला यायची. त्यांच्यात एक नऊ वर्षांची मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणत. कुठलीही गोष्ट सांगा, तिचा उलट प्रश्न तयारच असे. त्या दिवशीही तिने विचारलं की तो एकाला शोधायला गेला, तेवढ्या वेळात बाकीच्यांवर लक्ष कोण ठेवत होतं. धाकटीने ते उत्तर पुढच्या रविवारवर ढकललं. पण तिच्या लक्षात आलं ते वेगळंच. वकील खेळायला उठलीच नव्हती. पूर्ण तासभर ती दप्तर छातीशी धरून बसली होती, जणू त्यात मांजराचं पिल्लू आहे.

बाकीची मुलं गेल्यावर धाकटीने तिला जवळ बसवलं आणि दप्तरात काय आहे ते विचारलं. दप्तरात काहीच नव्हतं. जे होतं ते दप्तरामागे होतं. शर्टावर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, ठळक अक्षरांत छापलं होतं की हा शर्ट कुठल्या मंडळाने सप्रेम भेट दिला.

"ताई, तुमच्या कपड्यांवर कुणाचं नाव आहे?" वकिलाने विचारलं.

"कुणाचंच नाही."

"माझ्यावर दुसऱ्याचं आहे." मग ती म्हणाली, "आणि सहलीच्या दिवशी माझं पोट दुखणार आहे."

शाळेची सहल अजून महिनाभर लांब होती. सहलीला गणवेश नसतो, जो तो घरचे कपडे घालून येतो, आणि बालगृहातली मुलं बसच्या रांगेत लांबूनही ओळखू येतात. मागच्या वर्षीही तिचं पोट त्याच दिवशी दुखलं होतं. तिच्याबरोबर आणखी चार-पाच पोटंही दुखली होती.

धाकटी घरी आली. जेवताना तिने सगळं सांगून टाकलं. आपण कपडे तयार करायचे. आपल्या नावाचे, आपल्या श्रद्धेचे. साधे, अंगाला मऊ लागणारे शर्ट, मोठ्यांचे आणि मुलांचे, एकाच कापडाचे. एक विकला गेला की अगदी तसाच एक बालगृहात जायचा. उरलेला नाही, कमी प्रतीचा नाही, तसाच. प्रत्येक शर्टावर डाव्या बाजूला एक छोटं कोकरू भरायचं. आणि नाव 'शंभरावं'.

"शंभरावं काय?" आईने विचारलं.

"तेच जे हरवलं होतं."

अप्पांनी घास चावून पूर्ण गिळला आणि विचारलं, काजं कोण करणार. आईने ओळखलं की हे 'हो' आहे, कारण काजं नेहमी तीच करायची.

भरतकामाचं एक वापरलेलं मशीन धाकटीने मिळवलं. ते विजेवर चालायचं, चित्र त्याच्या पोटात साठवायचं आणि बटण दाबलं की सुई आपापली नाचायला लागायची. अप्पा पहिला दिवसभर त्याच्याकडे लांबूनच बघत होते. घरात मुलगा नाही, पण सूनबाई आली, असं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. तेव्हापासून मशीनचं नाव सूनबाई पडलं. सूनबाई आवाज फार करते, सूनबाईला दोरा फार लागतो, सूनबाई आमच्या म्हातारीकडे ढुंकून बघत नाही, अशा तक्रारी दिवसभर चालत. पण संध्याकाळी तिच्यावर चादर अप्पाच घालत.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपासनेनंतर या कामाची घोषणा केली आणि मंडळी खूश झाली. सगळ्यांत खूश झाले खजिनदारकाका. माणूस मनाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. त्यांनी कुणी न सांगता मोठाली पत्रकं करून आणली आणि चर्चच्या फाटकापासून शाळेच्या भिंतीपर्यंत लावून टाकली. त्यावर कोकरू होतं आणि खाली लिहिलं होतं, 'कोकरू दिसलं, दान झालं'. हे आपल्याला आंघोळ करताना सुचलं, असं ते प्रत्येकाला आवर्जून सांगत होते. मागण्या भराभर आल्या. एकाने घेतला म्हणून शेजाऱ्याने घेतला, मुलाला घेतला म्हणून मुलीला घेतला.

बालगृह सांभाळणाऱ्या मावशींनी मात्र लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी धाकटीला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की कपडे देणारे खूप येऊन गेले, सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. "पण मी कुठल्याही पोराच्या डोक्यातून जबरदस्तीने शर्ट घालणार नाही," त्या म्हणाल्या. "आणून दाखव. त्यांनी आपण होऊन घातला आणि सहलीला गेली, तर तू जिंकलीस. नाही घातला तर सगळे परत ने, आणि मनाला लावून घेऊ नकोस."

धाकटीने कोकराचं चित्र बरोबर नेलं होतं. ते तिने वकिलाला दाखवलं. वकिलाने ते बराच वेळ न्याहाळलं आणि कोकरू छान आहे असं कबूल केलं. मग विचारलं, "भिंतीवर लावलंय तेच का हे?"

"हो, तेच."

"म्हणजे हे अंगावर असलं की सगळ्यांना कळणार, दान झालं."

धाकटी म्हणाली की अगं, विकत घेणाऱ्यांच्या शर्टावरही हेच असणार आहे. वकील म्हणाली, त्यांना त्यांच्या आईने घेऊन दिलंय हे सगळ्यांना माहीतच असतं. आणि चित्र परत देऊन ती खेळायला निघून गेली.

परतताना धाकटीच्या मनात ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं. पण कापड आलेलं होतं, पत्रकं लागलेली होती, विक्रीचा रविवार ठरलेला होता. एवढंसं तर कोकरू आहे, तिने स्वतःची समजूत घातली. ऐकलेलं न ऐकल्यासारखं केलं की पुढचं काम करता येतं, तसं तिने केलं.

कापड छान निघालं होतं. बाहेरून गुळगुळीत, आतून जराशी लव असलेलं, म्हणजे अंगाला मऊ. अप्पांनी सगळे भाग कापले, खुणा केल्या. कोकरू पुढच्या डाव्या भागावर, शर्ट जोडायच्या आधी भरून घ्यायचं होतं. तेवढ्यात बटणांचा घोळ झाला. दुकानदाराने भलतीच पाठवली, आणि ती बदलून आणायला धाकटीला दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं. निघताना तिने अप्पांना सूनबाई समजावून दिली. कापड रिंगमध्ये घट्ट बसवा, खडूच्या खुणेवर सुई आणा, हिरवं बटण दाबा, आणि हात बाजूला ठेवा. सगळं सांगितलं. कापडाची कुठली बाजू वर ठेवायची ते सांगितलं नाही. शिंप्याला ते कोण सांगायला जातं?

ती बटणं घेऊन परत आली तेव्हा अप्पा दारातच उभे होते, दाढी करून. त्यांनी नुसतं भरतकाम उरकलं नव्हतं, सगळे शर्ट जोडूनही टाकले होते. टेबलावर गठ्ठेच्या गठ्ठे, प्रत्येक शर्ट अप्पांच्या पद्धतीप्रमाणे उलटा, आणि प्रत्येकावर पांढरंशुभ्र, टुमटुमीत कोकरू. काळे खूर, एक कान खाली पडलेला. धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने वरचा शर्ट उचलला, बाहीत हात घातला आणि सरळ केला.

कोकरू नाहीसं झालं.

तिला वाटलं, हा एक तेवढा चुकला असेल. तिने दुसरा सरळ केला. त्यातलंही कोकरू आत गेलं. बाहेर, जिथे ते असायला हवं होतं, तिथे नुसता दोऱ्यांचा गुंता, गाठी आणि भरतकामाखाली लावायच्या कागदाचे तुकडे. तिसरा, चौथा, पाचवा. अप्पा शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी थांबलं, मग हळूहळू उतरलं.

"खुणा आत असतात ना," ते एवढंच म्हणाले. "खुणेवर सुई आणली."

आईने चष्मा लावून एक शर्ट उजेडात धरला. बाहेरून हे कुणीतरी चिखलाचं ढेकूळ फेकून मारल्यासारखं दिसतंय, असं ती म्हणाली. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली की पण ढेकूळ अगदी सगळ्यांवर एकाच जागी आहे, ही हाताची सफाई. कुणी हसलं नाही.

धाकटीने एक कोकरू उसवून बघितलं. सूनबाईने इतके दाट टाके घातले होते की दोरा निघाला आणि कापडाची चाळणी झाली. नवीन कापड आणायला ना वेळ होता ना सोय. ती कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या टोपलीशेजारी जाऊन बसली. लहानपणी रुसल्यावर ती तिथेच बसायची.  अप्पांनी पाय टेबलाखाली लांबवून टोपली आपल्याकडे ओढली आणि तुकडे चाळायला लागले.

गणवेशाच्या धंद्यात सगळ्या चुका शेवटी छातीवरच होतात. इस्त्रीचा डाग तिथेच पडतो, शाई तिथेच सांडते, कात्रीचं टोक तिथेच लागतं. आणि त्यावर अप्पांचा एकच इलाज असे. ज्या जागेची लाज वाटते, तिथे खिसा लावायचा. त्यांच्याकडे इतक्या वर्षांच्या इतक्या शाळांचे तुकडे साठलेले होते की जगातले सगळे रंग त्या टोपलीत सापडले असते. निळा, विटकरी, बाटलीसारखा हिरवा, चौकडीचा, रेघांचा.

"मोठा लावू," अप्पा टेबलाखाली वाकून म्हणाले. "गुंता पूर्ण झाकेल."

"मग लोकांना कोकरू दिसणार कसं?"

"कोकरू नाही दिसणार," अप्पा म्हणाले. "पण ढेकूळही नाही दिसणार."

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून ती बाहेर आली. म्हातारी आणि सूनबाई दोघी गप्प उभ्या होत्या. अप्पांनी म्हातारीवरची चादर काढली.

शर्ट तयार होताच धाकटीने मुलांचे शर्ट पिशवीत भरले आणि बालगृहात गेली. कबुलीजबाब द्यायला जावं तशी. वाटेत तिने सगळं पाठ केलं होतं: चूक कशी झाली, कुणाचा दोष नाही, नको असतील तर परत नेते. मावशींनी मुलांना व्हरांड्यात बोलावलं. मुलं लांबच उभी राहिली, अशा वेळी राहतात तशी. वकील पुढे आली, कारण तपासणी तिचं काम होतं.

तिने एक शर्ट उचलला. पुढून बघितला, पाठीमागून बघितला. कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. साधा शर्ट, वर विटकरी खिसा. मग तिने गळ्यातून आत डोकावलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"ताई, कोकरू आत आहे."

धाकटीने पाठ केलेलं सुरू केलं, पण वकिलाला ते ऐकायचंच नव्हतं.

"बाहेरून कुणाला दिसत नाही?"

"नाही."

"विकत घेणाऱ्यांच्याही आतच आहे?"

"सगळ्यांच्या आतच आहे."

"म्हणजे ज्याच्या अंगात शर्ट, त्यालाच माहीत." तिने व्हरांड्यातल्या बाकीच्यांकडे एकदा मान वळवून बघितलं, आणि मग जरा घाईने विचारलं, "निळ्या खिशाचा आहे का?"

त्यानंतर जे झालं त्याला व्हरांड्यात दंगल म्हणतात. निळ्या खिशावर तिघांचा हक्क निघाला. एकाला रेघा हव्या होत्या, एकाला रेघा सोडून काहीही. प्रत्येक जण शर्टात डोकं खुपसून आपलं कोकरू जागेवर आहे ना ते बघत होता. एका लहानग्याने तर शर्ट घालून झाल्यावर गळा ताणून आत तोंड घातलं आणि कोकराशी काहीतरी बोलला. धाकटी पिशवी हातात धरून उभी होती. वाटेत पाठ केलेलं सगळं तिच्या तोंडात तसंच राहून गेलं. चपलेतला खडा कुठे टोचत होता ते तिला आत्ता कळलं, आणि तो निघून गेल्याचंही.

मावशी तिच्या कानाशी येऊन म्हणाल्या की खुशीत येऊ नकोस, सहल अजून व्हायची आहे.

रविवारी चर्चच्या अंगणात टेबलं मांडून विक्री सुरू झाली. खजिनदारकाका सगळ्यांच्या आधी हजर होते, आणि त्यांना कोकरू सापडेना. त्यांनी शर्ट फिरवून बघितला, झटकून बघितला. शेवटी अप्पांनी गळा उघडून आत दाखवलं. काकांचा चेहरा घरच्यांनी त्यांचा वाढदिवस विसरावा तसा झाला. ते तसाच शर्ट उचलून मागच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले. कोकरू बाहेर होतं. शर्ट उलटा होता.

काकूंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "अहो, शिवणी बाहेर आल्यात. लोक म्हणतील अंधारात कपडे घातले."

अप्पा पुढे होऊन शिवण चांगली असल्याचं सांगणार होते, पण आईने त्यांची बाही धरली.

काकांनी धाकटीला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने रास्त होतं. लोक चांगलं काम बघतात तेव्हाच त्यांना चांगलं काम करावंसं वाटतं. दिसलंच नाही तर वाढणार कसं? त्यांच्या मनात मोठं होतं. गायकवृंदाच्या सगळ्यांना हे शर्ट, तरुण मंडळाला हे शर्ट, शेजारच्या मंडळ्यांशी त्यांचं बोलणंही झालं होतं. फक्त कोकरू बाहेर हवं, आणि जरा मोठं. खाली दोन शब्द असतील तर आणखी चांगलं. एवढं केलं की बालगृहातल्या प्रत्येक मुलाला वर्षभर पुरतील इतके कपडे जातील. "एक पाऊल मागे घे, पोरी," ते म्हणाले. "मुलांच्याच भल्याचं आहे."

धाकटीला हिशेब कळत होता. टेबलापलीकडे बालगृहाची मुलं आलेली होती, आणि अंगणातल्या मुलांत मिसळून धावत होती. वकील त्यांच्यात होती. तिच्या हातात दप्तर नव्हतं. दोन्ही हात मोकळे होते आणि ती कुणालातरी पकडायला धावत होती.

"काका," धाकटी म्हणाली, "हरवलेलं मेंढरू सापडलं तेव्हा मेंढपाळाने ते खांद्यावर घेतलं. त्याच्या गळ्यात पाटी नाही बांधली."

काकांनी उलट्या शर्टाची कॉलर सारखी केली. 

"कमी विकले जातील," ती पुढे म्हणाली. "तर कमी शिवू. पण कोकरू आतच राहील."

हे बोलून झाल्यावर तिने उगाचच टेबलावरच्या घड्या नीट केल्या. काका मान हलवत फाटकाकडे गेले. आपण वर्षभराचे कपडे घालवले, असं तिला वाटलं. ते गेलेही असते. पण तेवढ्यात गायकवृंदातल्या जाड आवाजाच्या आजोबांनी एक शर्ट उचलला, खिशात हात घातला, मग खिशातून चष्मा काढला, परत घातला. ते खिसा खोल आहे म्हणाले. गाताना चष्मा ठेवायला जागा नाही हे या वृंदाचं जुनं दुखणं होतं. एकाने तर गाण्याच्या मध्यावर आपला चष्मा शेजाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला होता. आजोबांनी बाकीच्या म्हाताऱ्यांना हाक मारली. त्यांच्यापैकी कुणी कोकराची चौकशीही केली नाही. खिसा बघून झाल्यावर एक जण म्हणाला की आत काहीतरी गुदगुल्या करतंय, आणि मग सगळ्यांनी गळ्यातून आत वाकून बघितलं. त्या वेळी ती सगळी म्हातारी माणसं हुबेहूब व्हरांड्यातल्या मुलांसारखी दिसत होती.

संध्याकाळी खजिनदारकाका परत आले. त्यांनी फाटकापासून शाळेपर्यंतची सगळी पत्रकं उतरवून गुंडाळून आणली होती. पाठीमागची बाजू कोरी आहे, रविवारच्या शाळेत चित्रं काढायला उपयोगी पडतील, असं म्हणून त्यांनी ती धाकटीच्या हातात दिली. अंगात शर्ट होता, आता सरळ. पुढे कित्येक दिवस ते बोलता बोलता खिशावर हात मारत आणि समोरच्याकडे अर्थपूर्ण बघत, आणि समोरचा विचारायचा की छातीत काही दुखतंय का.

सहलीच्या सकाळी धाकटी मुद्दाम लवकर शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. अप्पाही आले, म्हणे फिरायला. बस उभी होती आणि आवारात मुलांचा असा गलका की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. बालगृहाच्या मावशी हातात डब्यांची पिशवी घेऊन आल्या. मुलांना त्यांनी पुढे पाठवलं होतं. आता डबे वाटायचे तर मुलं हवीत. त्यांनी आवारभर नजर टाकली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

दरवर्षी त्या फाटकातूनच आपली मुलं ओळखायच्या. या वर्षी अर्धं आवार त्याच शर्टांत होतं. हिरवे खिसे, विटकरी खिसे, चौकडीचे. एका निळ्या खिशाला आपला समजून त्यांनी डबा दिला, तो त्या मुलाने आनंदाने घेतला आणि आईने आज दोन डबे का पाठवले हे घरी गेल्यावर विचारीन म्हणाला. मावशी इकडे गेल्या, तिकडे गेल्या. एरवी कधी न गोंधळणारी बाई, पण आता तिला आपलीच लेकरं सापडेनात.

"अगं, माझी कुठली यातली?" त्या धाकटीजवळ येऊन म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. 

शेवटी त्यांना प्रत्येकाला नावाने हाक मारावी लागली. गर्दीतून एकेक मूल ओ देत पुढे आलं, डबा घेऊन परत गर्दीत गेलं. वकील सगळ्यात शेवटी आली, कारण ती बसच्या खिडकीची जागा धरून बसली होती आणि सोडायला तयार नव्हती.

"पोट कसं आहे?" धाकटीने विचारलं.

वकिलाने प्रश्न नीट समजून घेतला. "भूक लागलीय," ती म्हणाली, आणि डबा घेऊन पळाली.

बस हलली. खिडकीतून सगळे हात एकसारखे बाहेर आले आणि त्यात कुणाचा कुठला ते कळेना. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी अप्पा तिकडेच बघत होते. पुढच्या खेपेला शर्ट शिवायचे तेव्हा कोकरू पुन्हा आतच, ना, असं त्यांनी धाकटीला विचारलं. ती हो म्हणाली.

"मग ठीक," अप्पा म्हणाले. "या वेळी चुकून केलं, म्हणून एक कान खाली राहिला. मुद्दाम करीन तेव्हा दोन्ही नीट उभे करतो."

धाकटीने त्यांना सांगितलं नाही की कान चित्रातच खाली होता. परत येताना तिला दिसलं की अप्पांच्या शर्टाची शिवण बाहेर आहे. चांगली मारलेली होती, म्हणून ती तेही बोलली नाही.